आप्पांच्या कुंपणावर झोपणारे सरडे

आधी माफी मागतो. अनुभव लिहायचा म्हणजे गाठीला काहीतरी असावं लागतं. माझ्या गाठीला एम.एस्सी. आहे, तीही अजून पुरी झालेली नाही. वडगावच्या आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. वडील पॉवरलूमवर साड्या विणतात, आई त्यासाठी सुताच्या कांड्या भरते. अशा घरातल्या मुलानं लिहायला बसावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ही गोष्ट तोंडानं सांगायला गेलो की मी मध्येच अडतो. म्हणून लिहितो. चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या संध्याकाळी मी एका देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. उचगावच्या पुढचं, सीमाभागातलं गाव. नाव लिहीत नाही. भोवती गावातली माणसं होती. मधोमध माझी सॅक उलटी केलेली. टॉर्च, मोजायची टेप, थर्मामीटर आणि लाल सुताची एक गुंडी.

पंचांपैकी एकानं गुंडी उचलली. "हे काय हाय?"

"सूत. आमच्या मागावरचं."

"ते दिसालंय की. कुंपणाला कशापाय बांधालायस?"

"सरडे कुठं झोपतात ते बघालोय."

मागून एक म्हातारा म्हणाला, "सरडं झोपल्यालं बघाय कोण पगार देतंय रं? आमी जलमभर म्हशीसंगट झोपलो, आमाला कोण देईना."

सगळे हसले. पंच हसले नाहीत. "खरं काय ते सांग," ते म्हणाले.

मी खरंच सांगत होतो. अडचण तीच होती.

आता काम काय होतं ते सांगतो. आमच्या डिपार्टमेंटचा एक प्रोजेक्ट होता. मी त्यात फील्ड असिस्टंट. म्हणजे सर जे सांगतील ते रानात जाऊन बघायचं, मोजायचं आणि आणून द्यायचं. विषय आपला साधा बागेतला सरडा. दिवसा दगडावर, खांबावर बसून मान वरखाली करणारा. तो रात्री कुठं जातो, हे विचारलं तर दहातले नऊ जण बिळात म्हणतात. मीही तेच म्हणालो होतो. सर म्हणाले, "दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन कुंपण बघ."

बघितलं. सरडा बिळात नव्हता. कुंपणाच्या अगदी बाहेरच्या टोकाला, बोटापेक्षा बारीक फांदीवर आडवा पडून झोपला होता. झोपेत त्याचा रंग फिका पडतो, त्यामुळं टॉर्चच्या उजेडात तो पानांतून लगेच उठून दिसतो. डोळे घट्ट मिटलेले. चारी पायांनी फांदी धरलेली. तोंड बहुतेक वेळा झुडपाच्या आतल्या बाजूला. आत चांगली जाडजूड बेचकी असते, वारा लागत नाही, पडायची भीती नाही. तिथं तो झोपत नाही.

का, ते सरांनी समजावलं. सरड्याला रात्री भीती सापाची. साप येणार तो खोडाकडून, फांदीवरून सरकत. जाड फांदी सापाच्या वजनानं हलत नाही. बारीक फांदी लगेच हलते. ती हलली की सरडा जागा होतो आणि पाय सोडून सरळ खाली गवतात पडतो. म्हणजे भक्कम जागा तो शोधतच नाही. हलणारी शोधतो. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. शिकण्यासारखं काहीतरी आपण शिकतोय असं वाटलं.

आमचा प्रश्न पुढचा होता. रोज तोच सरडा त्याच फांदीवर परत येतो, की जागा बदलतो? त्यासाठी फांदीला खूण करायची. सरड्याला हात लावायचा नाही. सकाळी तो उन्हाला गेला की त्याच्या फांदीला खाली, ती फुटते त्या काखेपाशी, काहीतरी बांधायचं. सर म्हणाले, खुणेची रंगीत टेप मागवलीय. टेप आली नाही. मी घरून सूत नेलं. एका साडीच्या काठाचं लाल सूत उरलं होतं. हिरव्या कुंपणात लाल चांगलं दिसतं.

चूक झाली ती इथं.

कारण त्या गावात लाल रंग आधी येऊन गेला होता. शहराभोवती नवा रस्ता होणार म्हणून सर्वेवाले आले होते. त्यांनी शेतांतून खुंट्या मारल्या आणि खुंट्यांना, झाडांना लाल चिंध्या बांधल्या. गावानं खुंट्या उपटल्या, बायामाणसं ऑफिससमोर जाऊन बसली. मग सगळं थंड झालं. रस्ता रद्द झाला की नुसता थांबला, कुणालाच माहीत नव्हतं. आणि एका सकाळी परशराम आप्पांच्या बांधावरच्या कुंपणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल सूत दिसलं. कुंपण सरळ रेषेत होतं. त्यामुळं सूतही सरळ रेषेत होतं.

परशराम आप्पा म्हणजे ज्यांचं शेत, ते. सत्तरीला आलेले. पावसाळ्यात भात आणि रताळी, मग मसूर. त्यांच्या आणि मयत भावाच्या शेताच्या मध्ये हे कुंपण होतं, निर्गुडी आणि घाणेरीचं. त्या भागात मी बरीच शेतं फिरलो होतो. सगळीकडं आता तार आणि सिमेंटचे खांब. जिवंत कुंपण आप्पांचंच उरलं होतं. मी परवानगी मागितली तेव्हा ते नुसतं "बघ की" म्हणाले. पहिल्या संध्याकाळी मात्र स्वतः मागून आले. मी टॉर्च धरला.

"झोपलाय व्हय?"

"व्हय आप्पा."

"डोळं मिटलेत की रं." ते वाकून बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बंद कर ती बॅटरी. कशाला उठिवतोस."

भात कापून झालं की ते दरवर्षी कुंपण छाटायचे. मी विनंती केली की माझं काम होईपर्यंत छाटू नका. ते कबूल झाले. पलीकडच्या शेतातला त्यांचा पुतण्या नागेश चिडला. कुंपणाची सावली त्याच्या मसुरावर पडायची. माझ्याच वयाचा, सांबऱ्याकडं एका कारखान्यात कामाला. मला बघितलं की म्हणायचा, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणत्यात. तुझी बी तेवढीच दिसत्या, मास्तर."

तर त्या संध्याकाळी कट्ट्यावर पंच म्हणाले, तुझ्या सरांना फोन लाव. मी लावला. स्पीकरवर ठेवला.

सर म्हणाले, "पूर्ण अकॅडेमिक काम आहे. अभ्यास. रस्त्याशी काही संबंध नाही."

"लिहून द्याल का?"

"देतो की. या आठवड्यात देतो."

फोन बंद झाला. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हणाला, "कागदाचं काय, त्या सर्वेवाल्यांकडंबी कागद हुतं. पोराला भंडारा उचलू दे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भंडारा म्हणजे देवीच्या पायाची हळद. ती मुठीत घेऊन जे बोलाल ते शेवटचं. त्यानंतर साक्ष नाही, पुरावा नाही, भांडण नाही. मी हात पुढं केला. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

नागेश म्हणाला, "त्यो वडगावचा. त्याचा भंडारा आपल्याला काय उपेगाचा? खोटा निघाला तर बशीत बसून जाईल."

ते बरोबर होतं. सगळ्यांना पटलं. मग आप्पा उठले. त्यांनी पायातलं काढलं.

"मी उचलतो," ते म्हणाले.

"तुमी कशाला आप्पा?" मी म्हणालो.

"तू खोटं बोलालायस व्हय?"

"न्हाय."

"मग गप बस."

त्यांनी मुठीत भंडारा घेतला आणि देवीकडं तोंड करून म्हणाले की हे पोरगं रस्त्याचं न्हाय, ह्या सुतात रस्ता न्हाय. कपाळाला लावला. लोक उठून गेले. माझी सॅक कुणीतरी भरून दिली. ज्या म्हाताऱ्यानं म्हशीचं बोलून हसवलं होतं त्यानं मला चहा पाजला.

नागेश मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं विचारलं, "म्हाताऱ्यानं काय पणाला लावलंय, म्हाईत हाय न्हवं तुला?"

मला माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं. गावाची लक्ष्मीची जत्रा त्या वर्षी होती. ती दरवर्षी होत नाही, मध्ये खूप वर्षं जातात. देवीचा गाडा ओढताना दोराला पहिला हात आप्पांच्या घराचा. आप्पांच्या वडिलांनी लावला होता. आप्पांनी तरुणपणी एकदा आणि नंतर एकदा. पण भंडारा खोटा निघालेल्या माणसानं देवीच्या दोराला हात लावायचा नसतो.

"खोटा न्हाय निघणार," मी म्हणालो.

"बघ बाबा," तो म्हणाला. त्या वेळी तो टिंगल करत नव्हता.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. गाव बदललं. रस्त्यात भेटला की माणूस विचारायचा, "काय मास्तर, आज किती निजले?" एका बाईनं मला मुद्दाम बोलावून परसातल्या जास्वंदीवरचा सरडा दाखवला. कामही नीट होत होतं. बहुतेक सरडे त्याच झुडपावर परत येत होते. काही तर त्याच फांदीवर. एक लहान मादी होती, तिनं निर्गुडीचं एकच टोक धरलं होतं. वारा असो नसो, तिथंच. मी सरांना सांगितलं. सर खूश झाले. म्हणाले, "गुड. यावर पेपर होईल."

मग एक दिवस मी डिपार्टमेंटमध्ये आकडे भरत बसलो होतो. सरांकडं एक पाहुणा आला होता. सर वर्गावर होते, म्हणून तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. इंजिनिअर होता. मी काय करतो ते त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मी सांगितलं.

"अरे, ते तूच का?" तो हसला. "झाले का तुझे सरडे? तुमच्या रिपोर्टसाठी आमची फाइल अडून बसलीय."

"कसली फाइल, सर?"

"अलाइनमेंटची."

अलाइनमेंट म्हणजे रस्ता कुठून कुठं जाणार ती आखलेली लाईन. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यानं मोबाईल काढला आणि नकाशावर बोटानं दाखवलं. रस्त्याआधी तिथले प्राणी, पक्षी, झाडं यांचा सर्वे करावा लागतो. तो त्यांच्या कंपनीनं आमच्या सरांना दिला होता. सरड्यांचा भाग माझ्याकडं आला होता. बोट आप्पांच्या शेतावरून गेलं.

सर आले. पाहुणा गेल्यावर मी उभा राहिलो.

"सर, तुम्ही फोनवर म्हणालात, रस्त्याशी संबंध नाही."

"अभ्यासाचा नाहीच. फंडिंगचा आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"आप्पांनी भंडारा उचललाय, सर."

सर सौंदत्तीकडचे, देवीच्या गावचे. त्यांना भंडारा समजावून सांगावा लागत नाही. ते खुर्चीत बसले.

"मी त्यांना उचला म्हणालो नव्हतो."

"नाही, सर."

"हे बघ. आपण मोजले नाहीत तर रस्ता थांबणार आहे का? कुणीतरी मोजायला हवेत ना? आपण निदान नीट तरी मोजतो."

मी विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहिणार, सर?"

"जे आहे ते. सर्वत्र आढळणारी जात, खास संरक्षण लागत नाही. कुंपण गेलं तर आजूबाजूला सरकेल."

"पण आपले सरडे त्याच फांदीवर परत येतात."

"ते पेपरला. रिपोर्टला एवढं डिटेल लागत नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं नाव टाकतो पेपरवर. सेकंड ऑथर."

मला वाटतं ते हे चांगल्या मनानं म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला. पण मी "थँक्यू सर" म्हणालो. आमच्या घरात पगार देणाऱ्यासमोर एवढंच म्हणायची सवय आहे. वडिलांना व्यापारी सूत देतो, वडील विणून देतात, मजुरी घेतात. साडी कुणाला जाणार हे ते कधी विचारत नाहीत. मीही टॉर्चचे सेल कुठून येतात हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गावाला गेलो. आप्पा मसुरात खुरपं घेऊन भांगलत होते. मी सरीत त्यांच्यापुढं बसलो.

"आप्पा, ते रस्त्याचंच हाय."

खुरपं चालूच होतं. "काय ते?"

"माझं काम. कॉलेजला पैसे रस्तेवाल्यांनी दिलेत. काल कळलं."

आता खुरपं थांबलं. त्यांनी ते पुसलं आणि बाजूला ठेवलं. मग कुंपणाकडं बघितलं.

"भंडारा उचलला तवा म्हाईत हुतं तुला?"

"न्हाय आप्पा. देवीशप्पथ न्हाय."

"शपथ घिऊ नको. मग तुझ्यावर काय न्हाय. माझ्यावर हाय."

"तुमाला तरी कुठं म्हाईत हुतं?"

"'मला म्हाईत न्हाय' असं म्हणून न्हाय उचलला मी भंडारा. 'ह्यात रस्ता न्हाय' असं म्हणून उचलला."

मी म्हणालो, "मग कुणाला सांगूया नको. मीबी न्हाय सांगत. जत्रा हुईपर्यंत तरी."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. एखाद्या पाहुण्याला आपण किती दिवस राहणार विचारावं तसं.

"सूत सोडून ने सगळं," ते म्हणाले. "आणि जा. साडेपाचची बस चुकल."

मी सूत सोडलं. गाठी आवळून बसल्या होत्या, काही दातांनी सोडाव्या लागल्या. दिवस होता. फांद्या रिकाम्या होत्या.

प्रोजेक्ट मी सोडला नाही. माझे मार्क त्यावर होते. रिपोर्ट गेला. त्यात आमच्या कुंपणावर चार ओळी आहेत. पेपर सरांनी पाठवलाय, अजून काही कळलेलं नाही.

आमच्या कामात नवीन येणाऱ्याला मी आता एक गोष्ट सांगतो. सरडा कुठं झोपतो हे नंतर विचार. हे कुणाला कळायला हवंय, ते आधी विचार. उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारलं नाही तर ते उत्तर आपल्याऐवजी दुसऱ्याच माणसाला द्यावं लागतं.

गावाकडं मी परत गेलो नाही. आप्पांकडं फोन नाही. नागेशला दोनदा केला, त्यानं उचलला नाही. जत्रा झाल्याचं मला आमच्या गल्लीतल्या पाहुण्यांकडून कळलं. गाडा नीट गेला, एवढंच.

परवा नागेशचाच फोन आला.

म्हणाला, मी सूत सोडून नेल्यावर थोड्याच दिवसांत आप्पा आपणहून देवळात उभे राहिले. कुणी विचारलं नव्हतं. भंडारा खोटा गेला म्हणून सांगितलं. पंच म्हणाले, अजून रस्ता आलेला नाही, जरा थांबा. आप्पा थांबले नाहीत. जत्रेत दोराला पहिला हात नागेशनं लावला, कारण आप्पांनंतर घरात तोच. आप्पा बघणाऱ्यांच्यात उभे होते.

"मला लई वंगाळ वाटलं रं," तो म्हणाला.

मग म्हणाला, फोन केला तो वेगळ्यासाठी. लाईन बदलली. रस्ता आता पलीकडच्या अंगानं जाणार. गावाची एक फूट जमीन जात नाही. चावडीवर नोटीस लागलीय.

"सरड्यांमुळं?" मी विचारलं.

"सरडं कसलं. तिकडं कुणाची तरी मोठी जमीन हाय, त्यास्नी रस्ता पायजे हुता म्हणं."

मी विचारलं, आप्पांना कळलं का?

"मीच सांगितलं," नागेश म्हणाला. "आयकून घेतलं. म्हणाले, बरं झालं. पर गाडा गेला की."